मातीच्या हुंडीतली मुंगी

जून लागला की वरूड-मोर्शीच्या रस्त्यांवर कलमांच्या गाड्या दिसू लागतात. शेंदुरजनाघाट आणि आसपासच्या पन्हेऱ्यांमधून, म्हणजे रोपवाटिकांमधून, संत्र्याची, मोसंबीची, लिंबाची कलमं निघतात आणि पार मध्य प्रदेश, राजस्थानपर्यंत जातात. कलम घेताना कास्तकार ठरलेल्या गोष्टी बघतो. डोळा किती उंचीवर भरलाय, खुंट जंभेरीचा आहे की रंगपूरचा, पानांवर काळोखी आहे का. मग भाव. मुळाभोवतीच्या मातीची हुंडी फुटलेली नसावी, याकडेही त्याचं लक्ष असतं. त्या हुंडीच्या आत काय आहे ते मात्र तो बघत नाही, विकणाराही बघत नाही. दोघांनाही बघायला लावील असा नियम कागदावर अर्धामुर्धा आहे, बांधावर कुठे आढळत नाही.

या हुंडीबद्दल लिहावंसं वाटलं ते मुंग्यांमुळे, आणि त्या मुंग्या आपल्याकडच्या नाहीत. प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेली काही दशकं चावऱ्या मुंग्यांनी जो उच्छाद मांडला आहे, त्याची हकीकत वाचताना मला सारखी आपली पन्हेरी आठवत राहिली. तिथं जे बिघडलं ते रोपाबरोबर गेलेल्या मातीनं बिघडलं, आणि जिथं सावरलं तिथं फवाऱ्यानं सावरलं नाही. विदर्भातल्या रोपवाटिका, झाडं लावणारी सरकारी खाती आणि आपण बागायतदार, सगळ्यांनी यातून एक गोष्ट उचलावी असं माझं म्हणणं आहे: किडीशी लढाई वावरात करण्याआधी रोपवाटिकेच्या फाटकावर करायची, आणि तीही पंपाशिवाय.

आधी ती मुंगी कशी आहे ते पाहू. तिचं इंग्रजी नाव लिटल फायर अँट, आपण छोटी आगमुंगी म्हणू. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर, रंग तांबूस सोनेरी, चाल संथ. तळहातावर घेतली तर दाणेदार साखरेच्या कणापेक्षा मोठी वाटायची नाही. पण तिला नांगी आहे, आणि ती एकटीदुकटी नसते. जमिनीवर पालापाचोळ्यात, दगडाखाली, कुंडीच्या बुडाशी तर ती राहतेच, शिवाय झाडावर, फांदीच्या बेचक्यात, सालीच्या भेगेतही घर करते. हवाईमध्ये फळं तोडणाऱ्या माणसांची तक्रार पायाला चावल्याची नसते. फांदी हलली की मुंग्यांचा सडाच अंगावर पडतो, मानेवर, कॉलरच्या आत, केसांत. ती जागच्या जागी डसते, आग होते, गांधी उठतात आणि खाज कित्येक दिवस जात नाही. आंबिया बहाराच्या तोड्याला शिडीवर चढलेला आपला मजूर डोळ्यांपुढे आणा. हात वर, तोंड वर, सदऱ्याचं वरचं बटण उघडं. अशा बागेत दुसऱ्या दिवशी तोडायला कोण येईल? या मुंग्यांच्या भागातल्या कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत फूल पडतं, डोळा पांढुरका होत जातो, हेही तिथल्या लोकांनी आणि पशुवैद्यांनी वारंवार पाहिलं आहे.

हवाईच्या मोठ्या बेटावर ही मुंगी १९९९ साली सापडली. सापडली तेव्हा ती आधीच अनेक ठिकाणी पसरलेली होती. पुढे २००९ मध्ये ती माऊई बेटावर निघाली, २०१३ मध्ये ओआहूवर. या मुंगीची राणी लग्नाच्या उड्डाणाला आकाशात जात नाही. तिचं सगळं घरातल्या घरात उरकतं. एका वारुळात राण्या अनेक, त्यातली एखादी थोड्या कामकरी मुंग्या घेऊन शेजारी नवं घर मांडते. स्वतःच्या पायांनी तिची वसाहत वर्षाला फार तर काहीशे मीटर सरकते. मग समुद्र ओलांडून ती तीनशेहून अधिक किलोमीटर कशी गेली? कुंडीतून गेली. रोपवाटिकेतल्या शोभेच्या झाडांच्या कुंड्या, नेच्याचे ओंडके, लाकूड, माती. माणसानं पैसे मोजून विकत घेतलं, गाडीत घातलं, बोटीत चढवलं आणि आपल्या अंगणात खड्डा करून पुरलं. इतक्या मानानं तर पाहुण्यालाही कुणी घरात घेत नाही.

इथं कुणी म्हणेल, बेटांचं ते बेटांपाशी. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दीड मिलिमीटरची दमट हवेतली मुंगी इथं दोन दिवस टिकायची नाही. हा आक्षेप वजनदार आहे. उघड्या कोरडवाहू वावरात ती बहुधा नाहीच टिकणार. पण इस्रायलमध्ये जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, जिथं उन्हाळा आपल्याइतकाच कोरडा आणि कडक असतो, तिथं हीच मुंगी २००५ मध्ये ओळखू आली. ती तिथं आधी काही वर्षं मुक्कामाला होती. ती रानात नव्हती. माणसानं पाणी दिलेल्या जागी होती, बागांमध्ये, हिरवळींवर, ओलिताच्या मळ्यांत. थंड देशांत तर ती काचघरांत राहून दाखवते. आता वरूडची संत्राबाग बघा. ठिबकच्या नळीखाली बारमाही ओल, वर दाट सावली, बुंध्याभोवती आच्छादन. वैशाखात बाहेर रस्त्याचं डांबर वितळत असताना बागेत शिरलं की गारवा लागतो. तो गारवा आपल्याला सुखाचा वाटतो तसा तो कुणालाही वाटेल.

दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरातच उपाय दडलेला आहे. बेटांवर परक्या मुंग्या माजतात, कारण तिथं त्यांना अडवणारं कुणी नसतं. हवाईमध्ये तर मूळची अशी एकही मुंगी नव्हती. आज तिथं दिसणारी प्रत्येक जात बाहेरून आलेली आहे. आपल्याकडे तसं नाही. इथं डोंगळे आहेत, मुंगळे आहेत, धान्याचे दाणे वारुळाशी रचणाऱ्या मुंग्या आहेत, पानं शिवून घरटी बांधणाऱ्या लाल मुंग्या आहेत. भामरागडकडे माडिया लोक त्यांची आंबटतिखट चटणी करतात. जागा आधीच भरलेली आहे, नव्याला पाय ठेवायला धक्काबुक्की करावी लागेल. खरं आहे. पण मग ही आपली तटबंदी झाली, आणि आपण तिचं काय करतो? घरात मुंग्या दिसल्या की खडू, अंगणात दिसल्या की पावडर, बागेत दिसल्या की कृषी केंद्रात जाऊन “भाऊ, यावर काय मारू?” समोरचा भाऊ जे हाताशी असेल ते देतो. त्या डब्यावर कोणत्या पिकाचं, कोणत्या किडीचं नाव आहे, हे दोघांनीही वाचलेलं नसतं.

अमेरिकेचा हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. तिथं दक्षिण अमेरिकेतली लाल आगमुंगी, ही छोटीपेक्षा वेगळी जात, १९३० च्या दशकात अलाबामा राज्यातल्या मोबाईल नावाच्या बंदरातून शिरली. १९५७ मध्ये केंद्रीय कृषी खात्यानं तिचा नायनाट करायचं ठरवलं आणि लाखो एकरांवर विमानातून डिएल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर ही जहाल कीटकनाशकं टाकली. पक्षी मेले, रानातली जनावरं मेली, गोठ्यांतली गुरं मेली. इथल्यातिथल्या मुंग्याही मेल्या, गावठी आणि परक्या दोन्ही. मग मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुन्हा सगळ्यांत आधी कोण आलं? लाल आगमुंगीच, कारण भराभर वाढणं आणि उजाड जागा बळकावणं यात तिचा हात धरणारं कुणी नाही. ज्यांनी तिला अडवलं असतं त्यांना सरकारनंच बाजूला केलं होतं. मुंग्यांचे थोर अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी या मोहिमेला कीटकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं होतं. विल्सन शाळकरी वयात मोबाईलमध्येच राहत होते, या मुंगीची वारुळं त्यांनी तेव्हाच पाहिलेली होती. आज ही मुंगी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कायमची आहे.

मुंगीवर फवारा का चालत नाही, हे समजायला वारुळाचा कारभार ठाऊक हवा. आपल्याला बाहेर रांगेत दिसतात त्या अन्न आणणाऱ्या मुंग्या, एकूण संख्येचा लहानसा वाटा. राणी आत, अंडी-अळ्या आत. रांगेवर औषध मारलं की रांग मरते. पंगतीतल्या वाढप्यांना हाकलून स्वयंपाकघर बंद पडत नाही, दुसरे वाढपी येतात. शिवाय अनेक राण्यांच्या जातीत असा धक्का बसला की वसाहत फुटते आणि एकाची चार घरं होतात. म्हणून जिथं मुंगी हटवली गेली तिथं ती आमिषानं हटवली गेली. दाण्यात किंवा तेलकट लगद्यात विष इतकं कमी आणि इतकं मंद ठेवायचं की नेणारी मुंगी मरता कामा नये. ती ते घरी नेते. पूर्ण वाढलेल्या मुंग्यांना घन अन्न गिळता येत नाही, ते अळ्या पचवतात आणि त्यांच्याकडून द्रवरूपात ते सगळ्यांच्या तोंडी लागतं. असं तोंडातोंडी करत ते राणीपर्यंत पोचतं. काही आमिषांत मारणारं विष नसतंच, राणीची अंडी वांझोटी करणारं द्रव्य असतं. यात घाई केली की सगळं फसतं. आमिषाचं तेल खवट झालं की मुंग्या शिवत नाहीत, पाऊस आला की दाणे विरघळतात. झाडावर राहणाऱ्या छोट्या आगमुंगीसाठी हवाईत दाण्याऐवजी चिकट लगदा करतात, तेल, पाणी, शेंगदाण्याचं बटर आणि घट्टपणासाठी झँथन गम असलेला, म्हणजे तो फांदीला धरून राहतो.

ती मुंगी आहे की नाही हे तपासायची हवाईची पद्धत मला फार आवडली. काडीच्या टोकाला शेंगदाण्याच्या बटरचा पातळ हात द्यायचा, कुंडीत, झाडाच्या बेचक्यात, पाण्याच्या नळापाशी तासभर ठेवायची, मुंग्यांसकट पिशवीत घालून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवायची आणि प्रयोगशाळेला पोस्टानं पाठवायची. बस्स. अधिकाऱ्याची वाट बघायची नाही. घरातली आजी करू शकते, चौथीतलं पोर करू शकतं. गालापागोस द्वीपसमूहातल्या मार्चेना बेटावरून हीच मुंगी सुमारे २१ हेक्टरांतून काढली गेली, तेव्हाही औषधाइतकंच महत्त्व अशा काड्यांना होतं. २००१ मध्ये आमिष टाकल्यावर माणसं तिथं पुन्हा पुन्हा जाऊन काड्या मांडत राहिली, एखादी तरी मुंगी चढते का बघत. जॉन्स्टन नावाच्या चिमुकल्या प्रवाळबेटावर येलो क्रेझी अँट नावाची दुसरी एक परकी जात, पिवळी मुंगी, समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांत आम्ल फवारून त्यांना आंधळं करत होती. तिथं स्वयंसेवकांच्या तुकड्या २०१० पासून मुक्काम ठोकून होत्या. मुंगी संपल्याचं जाहीर झालं २०२१ मध्ये. अकरा वर्षं, तेही चहूबाजूंनी समुद्र असलेल्या एवढ्याशा तुकड्यावर.

उशीर झाला तर काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसतं. न्यूझीलंडमध्ये २००१ साली ऑकलंड विमानतळावर लाल आगमुंगीचं एक वारूळ सापडलं. ते मारलं, भोवतालचा परिसर दोनेक वर्षं तपासत राहिले, प्रकरण मिटलं. त्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये हीच मुंगी सापडली, पण ती तिथं आधीच रुजून बसली होती. तेव्हापासून आजपर्यंत मोहीम चालू आहे. २०२३ ते २०२७ या चार वर्षांसाठीच ५९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम ठरवलेली आहे. न्यूझीलंडला नशिबानं साथ दिली असेलही, पण तिथं विमानतळावर आणि बंदरांत मुंग्यांसाठी पाळत ठेवली जाते. बघणारा माणूस नेमलेला असला की नशीब जरा वरचेवर साथ देतं.

आता आपल्या घरी येऊ. छोटी आगमुंगी आज विदर्भात नाही. मग हे सगळं कशासाठी? कारण वाट तीच आहे, आणि त्या वाटेनं दुसरं बरंच काही आपल्याकडे येऊन गेलं आहे. शेतात काम करताना पायाला डसणारी आपली जी लाल मुंगी आहे, वारुळात बारक्या आणि मोठ्या डोक्याच्या अशा दोन्ही मापांच्या मुंग्या असलेली, ती उष्णकटिबंधी आगमुंगी मूळची आपली नव्हेच. ती मध्य अमेरिकेची. सोळाव्या शतकात अकापुल्को ते मनिला अशा चांदी वाहणाऱ्या स्पॅनिश गलबतांत वजनासाठी भरलेल्या मातीतून ती आशियात उतरली, असं तिच्या आनुवंशिक अभ्यासातून दिसतं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही मातीच होती. गाजरगवत धान्याबरोबर आलं आणि १९५० च्या दशकात पुण्यात नजरेला पडलं. आता ते विदर्भातल्या कुठल्या बांधावर नाही ते सांगा. दोनेक दशकांपूर्वी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, जो पिठ्या ढेकूण आला, तोही अमेरिकेतलाच. पऱ्हाटी नसताना तो याच गाजरगवतावर तग धरायचा आणि मुंग्या त्याची राखण करायच्या, कारण तो गोड चिकटा टाकतो.

या गोड चिकट्यावर जरा थांबतो, कारण संत्र्याच्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. काळी माशी, मावा, खवले कीड, सगळे हा चिकटा टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते आणि झाड काजळी फासल्यासारखं होतं. आपण त्याला कोळशी म्हणतो. कोळशीनं विदर्भातल्या बागांच्या बागा बसवल्या, हे म्हातारे बागायतदार अजून सांगतात. मुंगी हा चिकटा पिते, आणि पिते म्हणून त्या किडींना खाणाऱ्या ढालकिड्यांना, परोपजीवी गांधीलमाश्यांना हाकलते. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिवळ्या मुंगीनं कोट्यवधी तांबडे खेकडे मारले. जंगलाची जमीन साफ ठेवणारे खेकडेच गेले तेव्हा जंगलाचा चेहरा पालटला. तिच्या एवढ्या फौजेला अन्न पुरवत होती झाडांवरची एक लाखकुळातली कीड. तिथं हेलिकॉप्टरनं आमिष टाकून झालं, मुंगी परत आली. शेवटी २०१६ च्या डिसेंबरात मलेशियातली दोन मिलिमीटरची परोपजीवी गांधीलमाशी सोडली, आणि ती मुंगीवर सोडलेली नव्हती. त्या किडीवर सोडली होती, म्हणजे चिकटा आटावा आणि मुंगीची भूक तिलाच भारी पडावी. गोंदिया-गडचिरोलीत पळसावर लाख घेणाऱ्यांना मुंगी आणि लाखेचा किडा यांची सोयरीक पिढ्यानपिढ्या माहीत आहे. सोयरीक कुठे तोडायची हे बघायचं, असा हा विचार आहे, आणि मला तो पंपापेक्षा शहाणा वाटतो.

पंपाबद्दल बोलायला विदर्भाइतका अधिकार दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन मेलेल्या शेतकरी-शेतमजुरांचा आकडा विसाच्या घरात गेला. शेकडो दवाखान्यात गेले, काहींची नजर गेली. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनंही पऱ्हाटी खाल्ली. म्हणजे माणसं मेली आणि अळी राहिली. उद्या एखादी परकी मुंगी नागपूरच्या एखाद्या लॉनवर, एखाद्या हॉटेलच्या हिरवळीवर निघाली, तर पहिली हाक कशाची येईल हे मी आजच सांगू शकतो. ‘फॉगिंग करा.’ नगरसेवक धुराच्या गाडीपुढे उभा राहून फोटो काढील. मुंगी नागपूरकरांची चार अंगणं ओलांडून कळमेश्वरला पोचेल.

२०२२ मध्ये तमिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यातल्या करंतमलाई डोंगरालगतच्या गावांत पिवळ्या मुंग्या इतक्या झाल्या की गुरं चारायला माणसं रानात जाईनात, जनावरांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या. त्याच वर्षी ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या एका गावात मुंग्यांना कंटाळून काही कुटुंबं घरं सोडून नातेवाइकांकडे गेली. दोन्ही ठिकाणी गावाची झोप उडाल्यावरच शास्त्रज्ञ गावात आले, आधी नाही. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही, त्यांना आधी बोलावणारी यंत्रणाच नाही. बाहेरून देशात येणाऱ्या रोपांना २००३ चा क्वारंटाइन आदेश लागू आहे, बंदरावर आणि विमानतळावर तपासणी होते. देशाच्या आतल्या आत, राज्याराज्यांत? १९१४ च्या जुन्या कायद्याखाली सॅन होजे स्केल, बटाट्याचा वॉर्ट, केळीचा बंची टॉप अशा मोजक्या किडी-रोगांसाठी आतली बंधनं आहेत. बाकी गाडीत काय भरलंय ते ड्रायव्हर आणि देव जाणे. महाराष्ट्रात फळांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे, पण नावाप्रमाणेच तो फळझाडांपुरता. मंगल कार्यालयांच्या दारातले पाम, रस्त्यांच्या दुभाजकातली झुडपं, फार्महाऊसची हिरवळ या सगळ्याला तो शिवत नाही. आणि हा माल येतो कुठून? बराचसा आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून, गोदावरीच्या त्रिभुजातल्या ओल्या काळ्या मातीसकट. कडियमवर माझा राग नाही, तिथले लोक कष्टाळू आहेत. पण ट्रकभर माती पाचसातशे किलोमीटर आणताना तिच्यात काय आहे हे वाटेत कुठेच कुणी बघू नये, हे काही बरं नाही.

सरकारी वृक्षलागवडीचं तर विचारूच नका. २०१६ पासून चार पावसाळ्यांत राज्यानं पन्नास कोटी झाडं लावायचा संकल्प केला, पहिल्या वर्षी दोन कोटी, शेवटच्या वर्षी तेहेतीस कोटी. किती जगली यावर विधानसभेपासून पानठेल्यापर्यंत वाद झाला, व्हायलाच हवा होता. काळ्या पिशव्यांतल्या मातीबरोबर एका तालुक्यातून दुसऱ्यात काय गेलं, हा प्रश्न मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. पिशवी खड्ड्यापाशी फाडली की बुडातून पांढरी अंडी तोंडात धरून पळणाऱ्या मुंग्या श्रमदान केलेल्या प्रत्येकानं पाहिल्या असतील. पिशवी महिनोन्महिने जमिनीवर टेकलेली, बुडाला भोकं, आत ओल. मुंगीला आणखी काय पाहिजे? ती मुंगी बहुतेक वेळा आपली गावठीच असते. पण वेगळी असती तरी आपण पिशवी तशीच फाडली असती आणि “चावली साली” म्हणून हात झटकला असता.

माझ्या मते करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पन्हेरीत पिशव्या जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत, खाली खडी किंवा जाळीचा मांडव असावा. माती भरण्याआधी मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवावी. आपल्याकडचं ऊन बाकी कशाला उपयोगी पडतं? हा सल्ला नवा नाही. नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी हेच कधीपासून सांगते आहे. डिंक्याची बुरशी मातीतूनच येते आणि कलमाबरोबर बागेत शिरते. पाचव्या-सहाव्या वर्षी झाड ओकाबोका झालं की आपण बुंध्याला बोर्डो मलम फासत बसतो. म्हणजे परकी मुंगी कधीच आली नाही, तरी हुंडीकडे बघायची सवय लागली तर त्याचे पैसे डिंक्यातच वसूल होतील. सूत्रकृमीही यातच आला. ही मागणी मुंगीच्या धाकावर उभी नाही.

तपासणीचं म्हणाल तर शेंगदाण्याचा बारीक कूट तेलात मळला की आपलं आमिष तयार. पन्हेरीत, रेल्वेच्या मालधक्क्यावर, बाजार समितीत, नव्यानं हिरवळ टाकलेल्या लॉनवर वर्षातून दोनदा काड्या मांडायच्या आणि आलेल्या मुंग्या पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात द्यायच्या. तिथं सूक्ष्मदर्शक आहे. कमरेला दोन गाठी, सगळ्या एका मापाच्या, सोनेरी, मंद चालीच्या अशा मुंग्या निघाल्या की पुढचं अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं बघावं. शाळांना हे काम दिलं तर मुलं मुंग्यांच्या वीस जाती ओळखायला शिकतील आणि डोंगळ्यावर पावडर टाकणाऱ्या बापाला अडवतील. यात गैरसोय एकच, उद्घाटनाला फीत कापता येत नाही.

एक भीती मलाही वाटते. परवाना, तपासणी, शिक्का म्हटलं की खेड्यात त्याचा अर्थ काय होतो हे आपल्याला माहीत आहे. शेंदुरजनाघाटातला दोन एकरांचा पन्हेरीवाला आधीच पाण्याच्या आणि भावाच्या घोरात असतो, त्याच्या मागं आणखी एक साहेब लावला तर माती बदलणार नाही, दर वाढेल. म्हणून सक्तीची सुरुवात त्याच्यापासून करू नये. सुरुवात सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकापासून करावी, आणि ते गिऱ्हाईक सरकारच आहे. वन विभाग, सामाजिक वनीकरण, नगरपालिका, महामार्गाची कंत्राटं, फळबाग लागवडीचं अनुदान, सगळीकडे रोपं सरकारच्या पैशानं घेतली जातात. ‘तापवलेल्या मातीतलं, जमिनीपासून उचलून वाढवलेलं, काडी लावून तपासलेलं रोप’ एवढी अट खरेदीत टाकली आणि अशा रोपाला चार रुपये जास्त दिले, तर पन्हेरीवाला साहेबाविनाच बदलेल. बाजार जे मागतो ते पिकवायची वरूड-मोर्शीला जुनी सवय आहे. कडियमच्या मालालाही तीच अट लागू होईल आणि तिथला माणूसही ती पाळील, कारण बिल तिथंच अडकेल. पुढच्या पावसाळ्याच्या रोपखरेदीच्या निविदा आता हिवाळ्यातच निघतील. त्यांत ही एक ओळ घालायला ना नवा कायदा लागतो, ना मंत्रिमंडळाची बैठक.